मुलं थांबली नाहीत

सोमवार, ४ मार्च

मी पियानोत नापास झाले.

हे वाक्य लिहून मघापासून त्याच्याकडे बघत बसले आहे. वाक्य काही बदलत नाही. जिला वयाच्या पाचव्या वर्षापासून खुद्द बाबांनी शिकवलं, जिचे हात बघायला वर्गातल्या पोरी सरावाच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहतात, ती मी. निकाल लागला तेव्हा मी माझं नाव वरून शोधायला सुरुवात केली. मग मधे. मग खाली. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं, ते आज कळलं. शेजारची मुलगी माझं अभिनंदन करायला तोंड उघडून तयार होती. ते तसंच उघडं राहिलं.

नीट लिहून काढते, म्हणजे निदान मला तरी उमजेल. शाळेत संगीत शिकवणाऱ्यांसाठी आमचं हे कॉलेज. पियानोची परीक्षा दोन भागांत. पहिल्या भागात तयार केलेली रचना वाजवायची. त्यात मला सगळ्यांत जास्त गुण आहेत, हे मुद्दाम इथे लिहून ठेवते. दुसऱ्या भागात शेजारच्या शाळेतला एक वर्ग आणून समोर उभा करतात. मुलं गातात, आपण साथ करायची.

गाणं सोपं होतं, सहलीला निघालेल्या गोगलगाईचं. तिसऱ्या ओळीत माझा डावा हात एका पट्टीने चुकला. मी थांबले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कुणीही शहाणं माणूस हेच करेल. पण मुलं थांबली नाहीत. ती आपली पुढे गातच राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, तरी थांबली नाहीत. तिसऱ्यांदा घेतलं. शेवटी गाणं संपवून मुलं हात मागे बांधून उभी होती आणि मी दुसऱ्या ओळीत होते.

याला नापास म्हणतात. मुलांना शिस्त नाही, आणि नापास मी.

आणि अंदाजे पास झाली. ही आमच्या वर्गातली तेवीस वर्षांची पोरगी. कोणता स्वर वाजवलास विचारलं की म्हणते, "अंदाजे हाच." तेच तिचं नाव पडलं. अर्ध्या पट्ट्या चुकवते आणि वर हसते. तिला साथीत पैकीच्या पैकी.

पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे. ती एकदाच मिळते. तीही गेली तर पटावरून नाव कमी. प्रवेशाला वयाची अट चाळीस, मी एक्केचाळीस पूर्ण केलेली, म्हणजे पुन्हा दार नाही. या कॉलेजासाठी मी विमा कंपनीतली सतरा वर्षांची नोकरी सोडली. तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं.

घरी बाबांना सांगितलं. बाबांनी आयुष्यभर पियानो शिकवला, आता आमच्याकडे राहतात.

"कुठे चुकलीस?"

"तिसऱ्या ओळीत."

"मग पहिल्यापासून घेतलंस ना?"

"घेतलं. तीनदा."

"मग नापास कशाबद्दल केलं?"

त्यांना काही कळेना. मलाही कळत नाही.

बुधवार, ६ मार्च

विभागप्रमुख बाईंकडे गेले. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. पेपर पुन्हा तपासावा तशी परीक्षा पुन्हा तपासता येते का, हे विचारायला गेले होते. त्यांनी चहा मागवला. चहा मागवला म्हणजे बातमी वाईट, हे मी विमा कंपनीत शिकले आहे.

"तुमची बोटं उत्तम आहेत. माझ्यापेक्षा चांगली," त्या म्हणाल्या. "पण परीक्षेत तुम्ही मुलांकडे एकदाही पाहिलं नाहीत."

"मी पट्ट्यांकडे बघत होते."

"तेच म्हणते मी. चुकलं की थांबायचं, हे कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. चूक तशीच ठेवून पुढे गेलं तर ती हातात मुरते. पहिल्यापासून घ्यायचं, म्हणजे स्वच्छ होतं."

"स्वतः वाजवतात का ते?"

"अर्थात. पण लोकांसमोर नाही. त्यांना पोरकट वाहवा आवडत नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी जो हुकूम सोडला तो ऐकून मी खुर्चीत थिजले. फेरपरीक्षेपर्यंत रचनांचा सराव बंद. रोज सकाळी शेजारच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर जायचं आणि मुलं जे गातील त्याची साथ करायची. कागद न्यायचा नाही. सोबत अंदाजे.

"ती मला शिकवणार?"

"ती तिथे असेल," बाई म्हणाल्या.

रागाने माझे कान तापले. बाहेर आले तर अंदाजे जिन्यात बसून संत्रं खात होती. "ताई, उद्यापासून की सोमवारपासून?" म्हणाली. मी म्हटलं, सोमवारपासून. संत्र्याची फोड देत होती, घेतली नाही.

सोमवार, ११ मार्च

आजच्यासारखी फजिती मी जन्मात पाहिलेली नाही.

पहिलीचा वर्ग. भिंतीला लावलेला पियानो, वरच्या एका पट्टीचा तुकडा उडालेला. पस्तीसेक मुलं जमिनीवर. त्यांच्या शिक्षिकेने सांगितलं, "या नव्या बाई. चला, कोण गाणार?" मी विचारलं, कोणतं गाणं आणि कोणत्या स्वरात? ती माझ्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलीने कुठूनतरी भलतीकडून सुरुवात केली आणि सगळा वर्ग तिच्यामागे लागला.

मी स्वर शोधायला लागले. हा नाही, हा नाही, तोही नाही. माझा कान कच्चा नाही. पण हात म्हणत होते, या स्वरातलं काही आम्हाला पाठ नाही. एकदा सापडला, वाजवायला सुरुवात केली, चुकले, थांबले, आणि पहिल्या ओळीवर परत आले. मुलं तिसऱ्या ओळीत.

पुढच्या रांगेतला एक मुलगा गाता गाता उठून जवळ आला आणि त्याने हळूच विचारलं, "बाई, तुम्ही अडकलात का?"

अंदाजेने बाजूने हात घातला, दोन पट्ट्या दाबल्या, आणि गाणं चाललं. त्यातली एक चूक होती. मी ऐकलं. कुणाला काही फरक पडला नाही, आणि मला सगळ्यांत मोठा धक्का त्याचा बसला. ढळढळीत चूक सगळ्यांदेखत तिथे होती, आणि काहीच झालं नाही.

मंगळवार, १२ मार्च

आज गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. डोकं दुखत नव्हतं.

शुक्रवार, १५ मार्च

तीन दिवस जाऊन आले. तोच प्रकार. मुलं आता माझी वाट बघत नाहीत. मी अडकले की ती परस्पर पुढे जातात. बोळातून सायकल काढावी तसं मला वळसा घालून.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवतो. घास गिळून म्हणाला, "अगं, मी कधी वळण चुकलो तर बस परत डेपोत नेत नाही. पुढच्या चौकातून वळवतो. आत माणसं बसलेली असतात."

"संगीत म्हणजे बस नव्हे."

"नसेल. पण आत माणसं आहेत म्हणालीस ना?"

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं ते झोपेपर्यंत. याला दोन स्वर सलग ओळखता येत नाहीत आणि मला अक्कल शिकवतो.

त्याआधी संध्याकाळी आणखी एक शहाणपण ऐकावं लागलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांनी विचारलं, "तुमचे वडील दुपारी वाजवतात ना? छान वाटतं हो. फक्त एक विचारू? ते पुढचं कधी वाजवत नाहीत का? एवढ्या वर्षांत मी सगळ्याची नुसती सुरुवातच ऐकलीय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाबा दुपारी आम्ही घरात नसताना खिडक्या लावून वाजवतात, तरी ही कान लावून बसते. सराव म्हणजे काय, हे हिला काय कळणार? बाबांसारखा काटेकोर माणूस शेवटापर्यंत पोचायची घाई करत नाही, एवढंच. बाबांना मात्र सांगितलं नाही. उगीच मनाला लावून घेतील.

बुधवार, २० मार्च

अंदाजेने आज मला चकित केलं. वर्ग संपल्यावर म्हणाली, "ताई, एक मागू? मला ती परीक्षेची रचना तुमच्यासारखी वाजवायला शिकवा ना. पहिल्या भागात मी काठावर पास झालेय. परीक्षक म्हणाले, अनवाणी पळाल्यासारखं वाजवता."

तिचे डोळे भरून आले होते. ही पोरगी रडू शकते हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, हिला कशाचं काही नाही.

चला, निदान इथे तरी माझा उपयोग आहे. तिला घरी आणलं, मागच्या खोलीतल्या पियानोवर बसवलं. ती पाचव्याच स्वराला घसरली आणि पुढे निघाली.

"थांब. पहिल्यापासून."

पुन्हा घसरली.

"पहिल्यापासून."

तासाभरात पहिली ओळ स्वच्छ झाली. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "चांगली शिकवतेस. मी शिकवायचो तसं." मला खरंच बरं वाटलं. किती दिवसांनी ते असं म्हणाले.

त्याआधी, अंदाजे निघताना मी तिला विचारलं होतं की वर्गात तू न घाबरता कशी वाजवतेस. तर म्हणे, ती शाळेत असल्यापासून एका हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या व्यायामासाठी वाजवायची. "त्यांचे हात वर गेलेले असायचे हो ताई. मी थांबले तर ते बिचारे तसेच हात वर धरून बसायचे. एकदा थांबले होते. एका आजोबांच्या खांद्याला लचक भरली." मी हसले. तिच्याबरोबर हसले ते आज पहिल्यांदाच.

गुरुवार, २८ मार्च

काय लिहू?

अंदाजे रोज माझ्याकडे येत होती. रचना झपाट्याने सुधारत होती. मी खुशीत होते. बाबा खुशीत होते. आज सकाळी वर्गात तिची पाळी होती. मुलांनी ते गोगलगाईचंच गाणं धरलं. ती छान वाजवत होती, आणि मग एक चूक झाली. तिच्या रोजच्या चुकांसारखीच, क्षुल्लक.

ती थांबली.

मला वाटलं पट्टी अडकली असेल. तिने दोन्ही हात उचलले, आणि पहिल्या ओळीवर जाऊन सुरुवात केली. तिथेही चुकली. पुन्हा पहिल्यापासून. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलत होते. ती ओठातल्या ओठात "पहिल्यापासून, पहिल्यापासून" म्हणत होती. माझ्या आवाजात. अगदी माझ्या आवाजात.

मुलं या वेळी थांबली. माझ्यासाठी कधी थांबली नव्हती, पण तिच्यासाठी थांबली. ती आपल्याला सोडून जाईल असं त्यांना कधी वाटलंच नसावं. गाणं मधेच तुटलं. एक मुलगी मुसमुसायला लागली. वर्ग इतका गप्प झाला की बाहेरच्या नळाचं पाणी ऐकू यायला लागलं.

मी कधी उठले आठवत नाही. तिच्या डाव्या बाजूला गेले आणि खालचा एक स्वर दाबला. एकच, लांब. मुलांकडे बघून मीच गायला लागले, मला गळा नाही तरी. रडणाऱ्या मुलीकडे बघून गायले. मुलं हळूहळू आली. मी दर ओळीला एकच स्वर देत होते, तोही प्रत्येक वेळी बरोबर नव्हता. गाणं संपलं.

अंदाजे मागच्या बाकावर जाऊन बसली होती. दोन्ही हात बगलेत दाबून.

आठवड्याभरात केलं मी हे. आठ दिवसांत. जे कुणालाही जमत नाही ते तिला येत होतं, आणि मी ते आठ दिवसांत मोडलं. आणि मला वाटत होतं मी शिकवतेय.

शुक्रवार, २९ मार्च

अंदाजे आली नाही. फोन केला, उचलला नाही. वर्गावर एकटी गेले. मुलांनी विचारलं, "त्या बाई कुठायत?" मी म्हटलं, त्यांना बरं नाही. एक जण म्हणाला, "त्यापण अडकल्या ना?"

मोठ्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, चांगली खरडपट्टी काढतील. त्यांनी चहाही मागवला नाही. "ती सावरेल," म्हणाल्या. "ती फार वर्षं न थांबता वाजवतेय. तुमचं बघा."

"माझं काय बघू? मला तर लहानपणापासून हेच शिकवलंय."

"म्हणूनच म्हणते."

मंगळवार, २ एप्रिल

अंदाजे परत आली. मी वर्गाच्या दारातच तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे हो ताई. पण रात्री स्वप्नातपण तुम्ही येता." मग दोघी हसलो, पण मला आतून कसंतरी झालं. आता आम्ही दोघी एकाच स्टुलावर बसतो, ती उजवीकडे, मी डावीकडे. थांबायचं नाही एवढाच नियम. काही सुचलं नाही तर एक स्वर धरून ठेवायचा. मी अजून दहातल्या चार वेळा थांबते. हात आपोआप उचलले जातात, जणू पट्ट्या तापल्या आहेत.

घरी सराव करायला माणूस हवं म्हणून बाबांना म्हटलं, "मी गाते, तुम्ही वाजवा. चुकलं तरी थांबायचं नाही. बघू या कोण आधी थांबतं ते."

खेळासारखं म्हटलं होतं. बाबा हसतील असं वाटलं. ते स्टुलावर बसलेसुद्धा. हात पट्ट्यांवर ठेवले. मी सुरुवात केली, एक ओळ झाली, दोन झाल्या, आणि त्यांनी हात काढून घेतले. कपाळावर घाम होता.

"पियानो नीट लागलेला नाही," म्हणाले. "अशावर वाजवून हात बिघडतो."

मागच्याच आठवड्यात माणूस येऊन सगळे स्वर लावून गेला. पण बाबांचा कान फार बारीक आहे, आम्हाला जे ऐकू येत नाही ते त्यांना येतं. तरुणपणी एका मोठ्या सभागृहात त्यांचं वादन ठरलं होतं. तेही त्यांनी ऐन वेळी सोडलं, तिथला पियानो बरोबर लागला नव्हता म्हणून. आई फार अभिमानाने सांगायची ते.

सोमवार, ८ एप्रिल

उद्या. अंदाजेने निरोप पाठवला, "ताई, अंदाजे पास व्हाल." नवरा म्हणाला, बसने सोडतो, फुकट. मी हसले नाही, पण जाईन त्याच्याच बसने.

मंगळवार, ९ एप्रिल

जे झालं ते अजून डोक्यात बसत नाही. क्रमाने लिहिते.

परीक्षक बाहेरचे, मफलर गुंडाळलेले. बाजूला मोठ्या बाई. मुलं अनोळखी शाळेची. गाणं पतंगाचं. मी कागद बघून वाजवायला लागणार तोच परीक्षक म्हणाले, "मुलांना हे उंच जाईल. दोन स्वर खाली घ्या." झालं. कागदावरचं सगळं एका वाक्यात निरुपयोगी झालं.

तरी सुरुवात केली. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्या कडव्याच्या मधे डावा हात असा काही चुकला की माझ्याच अंगावर शहारा आला. आणि माझे दोन्ही हात उचलले गेले. मी उचलले नाहीत, ते गेले. आता ते पहिल्या ओळीवर जाणार, हे मला माहीत होतं. संपलं, असं मनात म्हटलं.

पण मुलं गात होती. मी मान वर केली. पुढच्या रांगेत समोरचे दोन दात पडलेला एक मुलगा होता. तो गात होता आणि माझ्याकडे बघत होता. चिडून नाही, घाबरून नाही. बाई आहेतच, अशा नजरेने. त्याला काही संशयच नव्हता. मी आता निघून जाऊन पहिल्या ओळीत बसले तर याचं काय होईल, एवढंच मनात आलं. खालचा एक स्वर दाबला. तो बरोबर होता की नाही, मला आत्ताही सांगता येणार नाही. पुढच्या ओळीला दुसरा. मग उजवा हात आपणहून येऊन मिळाला. गाणं संपलं तेव्हा मी आणि मुलं एकाच ओळीवर होतो.

परीक्षक म्हणाले, "आता हेच गाणं असं वाजवा की मुलं त्याच्यावर चालत बाहेर जातील." असला प्रश्न कुठल्या पुस्तकात आहे? मी वाजवलं. टपटप, टपटप, एक पाय, दुसरा पाय. मुलं रांगेने निघाली. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. एक जण बुटाची नाडी बांधायला बसला तेव्हा मी ती ओळ लांबवली, तो उठला तेव्हा पुढे गेले. हे मी केलं. ठरवून नाही, पण केलं.

"गेली ती सगळी," परीक्षक म्हणाले. "थांबा आता."

रिकाम्या खोलीत मी एकटीच वाजवत होते.

पास. तिथल्या तिथे सांगितलं. माझा विश्वास बसेना. मी त्यांना विचारलं, "किती चुका झाल्या?"

"मी मोजल्या नाहीत. तुम्ही मोजल्यात?"

मी मोजल्या नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा. याचा धक्का पास होण्यापेक्षा मोठा होता. बाहेर अंदाजे उभी होती. तिला मिठी मारली आणि दोघी भर रस्त्यात रडलो. नवऱ्याने बसमधून तीनदा हॉर्न वाजवला. लोक बघत होते.

बुधवार, १० एप्रिल

काल घरी आले तेव्हा बाबा झोपले होते. आज सकाळी सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणजे बिनचूक वाजवलंस तर."

"नाही बाबा. चुकले. दुसऱ्या कडव्यात, मोठी चूक."

"मग पहिल्यापासून घेतलंस."

"नाही. पुढे गेले."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. त्यांना ऐकू आलं होतं.

"पुढे म्हणजे?"

"चुकलेलं तसंच सोडलं आणि पुढची ओळ धरली."

"दाखव."

मी पियानोवर बसले. काल जसं वाजलं तसं वाजवून दाखवलं. चूक आली तिथे तीही वाजवली, उचललेले हात, तो एक स्वर, सगळं. बाबा शेजारी उभे होते. चूक आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मी शेवटापर्यंत गेले. मला वाटलं, आता रागावतील. मी मनाची तयारी केली होती.

"आणि लोक होते समोर?"

"परीक्षक होते. मोठ्या बाई होत्या. मुलं होती."

"कुणी हसलं?"

"नाही."

"उठून गेलं कुणी?"

"नाही बाबा. कुणीच नाही."

ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले, हळूहळू, गुडघ्यांना धरून. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या हाताखालून किती मुलं शिकून गेली त्याची गणती नाही. पट्ट्यांकडे ते असे बघत होते की मला भीती वाटली.

"असं चालतं?" त्यांनी विचारलं.

"चालतं, बाबा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मी त्यांचा हात धरला.

"मला हे कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.